बोटीवर आजारी पडलात तर खर्च कोणाचा, पगार किती दिवस, कागद कोणते

पहिल्यांदा जॉइन होणारी मुलं मॅनिंग एजंटला (बोटीवर नोकरी लावून देणाऱ्याला) पगार विचारतात, बोट टँकर आहे की कंटेनर ते विचारतात, किती महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट तेही विचारतात. आजारपणाचं कलम मात्र फारसं कोणी वाचत नाही. खरं तर बहुतेक भांडणं तिथेच होतात. बोटीवर ताप आला, हात मोडला, छातीत दुखलं तर मालकाने काय करायचं असतं आणि ते पदरात पाडून घ्यायला तुमच्याकडे कोणत्या टप्प्यावर कोणता कागद हवा, ते इथे क्रमाने दिलं आहे.

आधी नियम समजून घ्या

सगळ्याचा पाया म्हणजे मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६. बोटीवर त्याला सगळे एमएलसी म्हणतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ते २००६ मध्ये मंजूर केलं आणि २० ऑगस्ट २०१३ पासून ते लागू झालं. भारताने ९ ऑक्टोबर २०१५ ला त्याला मान्यता दिली, त्यामुळे ९ ऑक्टोबर २०१६ पासून ते आपल्यावर बंधनकारक आहे. भारतातली अंमलबजावणी २०१६ च्या मर्चंट शिपिंग मेरीटाइम लेबर नियमांनी सुरू झाली. १९५८ च्या जुन्या मर्चंट शिपिंग कायद्याच्या जागी संसदेने २०२५ मध्ये नवा कायदा मंजूर केला आहे. त्यामुळे एखाद्या जुन्या पुस्तिकेत कलमांचे आकडे दिले असतील तर त्यांवर विसंबू नका.

नियम असा: तुम्ही ड्युटीवर रुजू झालात त्या तारखेपासून कायदेशीररीत्या घरी पोचवले जाईपर्यंत जो आजार होईल किंवा जी इजा होईल, तिचा खर्च जहाजमालकाचा. उपचार, औषधं, चष्मा किंवा कुबड्यांसारखी साधनं आणि घराबाहेर राहावं लागलं तर राहणं-जेवण, हे सगळं त्यात येतं. बरे होईपर्यंत, किंवा आजार कायमचा आहे असं ठरेपर्यंत ही जबाबदारी राहते.

नवख्या माणसाची हमखास चूक इथे होते. त्याला वाटतं, इंजिन रूममध्ये पडलो तरच कंपनी भरणार. अपेंडिक्स सुजलं किंवा दाढ दुखली तर तो आपला खासगी मामला. तसं नाही. उपचाराच्या खर्चासाठी आजार कामामुळेच झाला असं दाखवावं लागत नाही आणि मालकाची चूकही सिद्ध करावी लागत नाही. आजार त्या दोन तारखांच्या मध्ये झाला, एवढं पुरे. आजार त्या काळात बोटीवरच्या कामातून जडला आणि लक्षणं मागाहून दिसली, तरीही तो यात येतो. कामाशी संबंध दाखवावा लागतो तो दीर्घकालीन अपंगत्वाच्या किंवा मृत्यूच्या भरपाईसाठी. तो भाग पुढे येईल.

देशाच्या कायद्याने मालकाला सूट देता येते अशा गोष्टी तीनच: बोटीच्या सेवेबाहेर झालेली इजा, जाणूनबुजून केलेल्या गैरवर्तनामुळे आलेला आजार किंवा इजा, आणि नोकरी धरताना मुद्दाम लपवलेलं दुखणं. खर्चाला आणि आजारपणाच्या पगाराला देशाचा कायदा मुदत घालू शकतो, पण ती १६ आठवड्यांपेक्षा कमी असू शकत नाही. १६ आठवडे म्हणजे ११२ दिवस. हा आकडा लक्षात ठेवा.

मच्छीमार बोटी, लाकडी गलबतांसारखी पारंपरिक जहाजं आणि नौदलाची जहाजं यात येत नाहीत. आखातात लाकडी वाहणावर किंवा ट्रॉलरवर जाणाऱ्याला एमएलसी दाखवून उपयोग नाही. बोटीच्या झेंड्याच्या देशाने मात्र मान्यता दिली नसली तरी निराश होऊ नका. मान्यता दिलेल्या देशाच्या बंदरात अशा बोटीलाही सवलत मिळत नाही, तपासणी होतेच.

सहीच्या आधी

एजंटकडे आरपीएसएल, म्हणजे बोटीवर भरती करण्याचा सरकारी परवाना आहे का, हे मुंबईच्या डीजी शिपिंगच्या (केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर नंबर टाकून पाहा. परवाना चालू हवा आणि नाव तंतोतंत तेच हवं. नोकरी लावून देण्याचे पैसे सीफेररकडून, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्याकडून, घेता येत नाहीत. सक्तीची वैद्यकीय तपासणी, सीडीसी (खलाशाची नोंदणी पुस्तिका) आणि पासपोर्ट यांव्यतिरिक्त (व्हिसाचा खर्चही मालकाचाच) कोणी ‘सर्व्हिस चार्ज’ मागितला तर आजारपणात तो माणूस फोन उचलणार नाही, हे धरून चाला.

मग एम्प्लॉयमेंट अ‍ॅग्रीमेंट घ्या. पानं कितीही असोत, आजारपणासाठी पुढच्या ओळी शोधून पेन्सिलने खूण करा:

जहाजमालक म्हणून कोणाचं नाव आणि पत्ता लिहिला आहे? एमएलसीच्या लेखी मालक म्हणजे नोंदणीकृत मालकच असेल असं नाही. बोट चालवण्याची जबाबदारी घेतलेली मॅनेजमेंट कंपनीही मालकच. नाव-पत्ता नसलेला करार घेऊ नका.

आजारपणाचा पगार बेसिकवर की एकूण पगारावर, आणि किती दिवस? फरक केवढा पडतो ते पुढे आकड्यांत दिलं आहे.

संरक्षण कोणत्या दिवसापासून? एमएलसी ड्युटी सुरू झाल्यापासून म्हणतं. मुंबईहून विमान पकडून दोन दिवस हॉटेलात बोटीची वाट पाहताना कावीळ झाली तर? चांगल्या करारांत ‘घर सोडल्यापासून’ असं लिहिलेलं असतं. नसेल तर एजंटला ईमेलने विचारून उत्तर लेखी घ्या.

युनियन आणि मालक यांच्यातला कोणता सामूहिक करार लागू आहे? आयटीएफचा (आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाचा) करार असलेल्या बोटीवर आजारासाठी १३० दिवसांपर्यंत पगार आणि उपचार अशी तरतूद बहुतेक सापडते, म्हणजे किमान मुदतीपेक्षा जास्त. त्या कराराची प्रत बोटीवर असायलाच हवी.

अपंगत्वाचा तक्ता जोडला आहे का? किती टक्के अपंगत्वाला किती डॉलर, हे त्यात असतं.

‘वैद्यकीय खर्च सीफेररच्या पगारातून वळता केला जाईल’ असं कलम दिसलं तर सही करू नका. ते किमान हक्कांच्या खाली आहे.

मेडिकलमध्ये काय सांगायचं

वैद्यकीय प्रमाणपत्र जास्तीत जास्त २ वर्षं चालतं, १८ वर्षांखालील मुलाचं १ वर्ष. प्रवासात मुदत संपली तर पुढच्या बंदरापर्यंत ते वैध धरतात, पण ३ महिन्यांच्या वर नाही.

फॉर्मवर मधुमेह, रक्तदाब, फिट्स, जुनी शस्त्रक्रिया, पाठीचं दुखणं असे रकाने असतात. ‘नाही’वर भराभर टिक मारायची सवय महाग पडते. रक्तदाबाची गोळी चालू असताना ‘नाही’ लिहिलं आणि सहा महिन्यांनी भर समुद्रात पक्षाघात झाला, तर पहिला प्रश्न हाच येतो: हे मुद्दाम लपवलं का? इथे ‘मुद्दाम’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जो आजार तुम्हाला ठाऊकच नव्हता, तो लपवलेला ठरत नाही. नियंत्रणात असलेला रक्तदाब सांगून पुष्कळ जण फिट ठरतात. लपवून मिळालेलं ‘फिट’ मात्र ऐन वेळी हातात राहत नाही.

भरलेल्या फॉर्मचे आणि रिपोर्टचे फोटो काढून ठेवा. तुम्ही काय सांगितलं होतं, याचा पुरावा तोच.

रोजची औषधं असतील तर कॉन्ट्रॅक्टचे महिने अधिक एक महिना एवढा साठा न्या, मूळ पाकिटात. डॉक्टरच्या चिठ्ठीवर ब्रँडचं नाव नको, मूळ औषधाचं नाव इंग्रजीत हवं. परदेशी डॉक्टरला आपले ब्रँड कळत नाहीत. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेली औषधं आखाती देशांत कडक नियंत्रणाखाली आहेत. ती बॅगेत असतील तर विमानतळावरच अडाल.

बोटीवर चढल्यावर पहिल्या दिवशी

मेसरूमजवळच्या किंवा ऑफिसबाहेरच्या फलकावर आर्थिक हमीची दोन प्रमाणपत्रं लावलेली असतात. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १८ जानेवारी २०१७ पासून, ती लावणं सक्तीचं आहे. एक मालकाने बोट वाऱ्यावर सोडली तर घरवापसी आणि थकीत पगारासाठी, दुसरं मृत्यू आणि दीर्घकालीन अपंगत्वाच्या भरपाईसाठी. बहुतेक वेळा ती बोटीच्या पी अँड आय क्लबने, म्हणजे मालकांच्या परस्पर विमा मंडळाने, दिलेली असतात. दोन्हींचा स्पष्ट फोटो काढा. बोटीचं नाव, सात आकडी आयएमओ नंबर, मुदत आणि दावा कोणाकडे करायचा त्या कार्यालयाचा पत्ता वाचता आला पाहिजे.

नेहमीची दवाखान्याची बिलं या दुसऱ्या प्रमाणपत्रातून परस्पर मिळत नाहीत. ती मालकाने भरायची असतात आणि मग तो क्लबकडून वसूल करतो. त्यातही ठरावीक रकमेपर्यंतचा पहिला खर्च मालकाच्याच खिशातून जातो. कंपन्या लाखांची शस्त्रक्रिया मुकाट्याने करून देतात आणि आठ-दहा हजारांच्या तपासण्यांवर महिनोन्‌महिने घोळ घालतात, त्याचं एक कारण हे आहे.

औषधपेटी कोणाच्या ताब्यात आहे ते विचारून घ्या. मालवाहू बोटीवर बहुधा सेकंड ऑफिसरकडे असते. डॉक्टर असण्याची सक्ती फक्त १०० किंवा त्याहून जास्त माणसं नेणाऱ्या आणि ३ दिवसांहून लांबच्या आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या जहाजावर आहे, म्हणजे आपली गोव्याची आणि मुंबईची असंख्य मुलं जिथे काम करतात त्या क्रूझवर. बाकी ठिकाणी वैद्यकीय प्रशिक्षण घेतलेला अधिकारीच पाहतो. १५ किंवा जास्त खलाशी आणि ३ दिवसांहून लांबचा प्रवास असेल तर वेगळी हॉस्पिटल केबिन हवी. तिथे रंगाचे डबे आणि जुने दोर रचलेले दिसले तर सेफ्टी मीटिंगमध्ये बोला.

आजारी पडलात: पहिले २४ तास

इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचा सगळा दावा या दिवसाच्या नोंदीवर उभा राहतो.

अंगावर काढू नका. बोसनला (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला) तोंडी सांगितलं, त्याने दोन पॅरासिटामॉल दिल्या, काम चालू राहिलं, असे आठ दिवस गेले की कागदावर तुमचा आजार अस्तित्वातच नसतो. औषध देणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा आणि वैद्यकीय नोंदवहीत नोंद होते आहे हे डोळ्यांनी पाहा. इजा असेल तर अपघाताचा अहवालही वेगळा भरला गेला पाहिजे. नोंद अशी हवी:

‘१४ तारीख, जहाजाची वेळ ०९:४०. मोटरमन. काल रात्री २ पासून बेंबीभोवती दुखत होतं, आता उजव्या बाजूला खाली. दोनदा उलटी. ताप ३८.१, नाडी ९६, रक्तदाब १३०/८४, ऑक्सिजन ९८. दाबल्यावर दुखतं, हात सोडल्यावर जास्त दुखतं. औषधाची अ‍ॅलर्जी नाही. रात्री ३ ला पॅरासिटामॉल १ गोळी घेतली.’

‘पोटदुखी, गोळी दिली’ एवढीच नोंद असेल तर ती वाढवायला सांगा. प्रत देत नसतील तर त्याच दिवशी कॅप्टनला चार ओळींचा ईमेल किंवा लेखी अर्ज करा आणि त्याचा फोटो घरी पाठवा. तारीख, वेळ, लक्षणं, कोणाला सांगितलं, काय औषध मिळालं. बस.

इजेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे पडलो’ असं तयार वाक्य सहीसाठी पुढे येतं. ते तुम्हाला मान्य नसेल तर सही करू नका. करावीच लागली तर सहीशेजारी ‘फक्त पाहिलं, मजकूर मान्य नाही’ असं लिहा. उपचारांच्या खर्चाला निष्काळजीपणाने काही फरक पडत नाही. नुकसानभरपाईच्या दाव्यात मात्र तेच वाक्य पुढे करतात.

दुखणं गंभीर वाटलं तर कॅप्टनने किनाऱ्यावरच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा असतो. रेडिओ किंवा उपग्रहावरून हा वैद्यकीय सल्ला २४ तास, कोणत्याही झेंड्याच्या बोटीला, मोफत मिळतो. रोमचं सीआयआरएम हे केंद्र १९३५ पासून हेच काम करतं. आपल्या किनाऱ्याजवळ असाल तर तटरक्षक दलाचं मुंबईचं शोध-बचाव समन्वय केंद्र आहे. माणसाला हेलिकॉप्टरने किंवा बोटीने उतरवायचं तर तेच जुळवाजुळव करतं. डॉक्टर विचारतो ते आधीच लिहून ठेवा: वय, नाडी, श्वास मिनिटाला किती, रक्तदाब, ताप, ऑक्सिजन, दुखणं कुठे आणि कधीपासून, आधीचे आजार, चालू औषधं, पेटीत काय शिल्लक आहे, बोटीचं स्थान आणि पुढचं बंदर किती तासांवर. वरच्या नोंदीसारखी लक्षणं असतील तर वेदनाशामकांचा मारा करून माणसाला पुन्हा कामाला लावणं धोक्याचं. दुखणं दबतं, अपेंडिक्स फुटायचं थांबत नाही.

छातीत दुखून घाम फुटणं, तोंड वाकडं होणं, डोक्याला मार लागून गुंगी येणं, डोळ्यात केमिकल जाणं, श्वास लागणं: यात पुढच्या बंदराची वाट पाहायची नसते.

बंदरात डॉक्टर

जिथे शक्य असेल तिथे बंदरात विनाविलंब डॉक्टर किंवा दंतवैद्याकडे जाण्याचा तुमचा हक्क आहे, आणि तोही मोफत. व्यवस्था बोटीचा स्थानिक एजंट करतो. बंदरात पोचायच्या दोन-तीन दिवस आधी कॅप्टनला लेखी विनंती द्या. कंटेनर बोट १२ तासांत सुटते. धक्क्याला लागल्यावर सांगितलं तर एजंटला अपॉइंटमेंट मिळत नाही आणि मग सगळे ‘वेळ नव्हता’ म्हणायला मोकळे.

कोविडच्या काळात कित्येक बंदरांनी आजारी खलाशांना उतरूच दिलं नाही. त्यानंतर २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि २३ डिसेंबर २०२४ पासून ती लागू आहे: तातडीच्या उपचाराची गरज असलेल्या सीफेररला लगेच उतरू देणं आणि किनाऱ्यावर उपचार मिळू देणं आता त्या देशाचं काम आहे.

डॉक्टरकडे बोटीचा वैद्यकीय अहवालाचा फॉर्म घेऊन जा. परत येताना तो भरलेला हवा: निदान, केलेल्या तपासण्या, औषधं आणि निष्कर्ष. निष्कर्ष म्हणजे कामाला फिट, अमुक दिवस हलकं काम, की अनफिट आणि घरी पाठवा. कागद चिनी किंवा पोर्तुगीज भाषेत असला तरी फोटो काढा, भाषांतर नंतर होईल. हा फॉर्म गोपनीय असतो, मेसमध्ये चर्चेला नसतो; पण तो तुमच्याबद्दलचा आहे, तेव्हा प्रत मागायला बिचकू नका.

साइन ऑफ: एका ओळीची मेख

अनफिट ठरलात तर प्रवासयोग्य झाल्यावर मालकाच्या खर्चाने घरी पाठवायचं असतं. विमानाचं तिकीट, वाटेतलं राहणं-जेवण, ३० किलो सामान आणि प्रवासयोग्य होईपर्यंतचे उपचार हे एमएलसीच्या मार्गदर्शक तत्त्वांतच दिलेलं आहे. तुम्हाला परस्पर इस्पितळात हलवलं तर बोटीवर राहिलेलं सामान सांभाळून तुमच्यापर्यंत किंवा घरच्यांपर्यंत पोचवणंही मालकाचंच काम.

आता ती मेख. साइन ऑफच्या, म्हणजे नोकरीवरून उतरतानाच्या, कागदांवर कारणाची ओळ असते. तिथे ‘वैद्यकीय कारण’ हवं. ‘स्वतःच्या विनंतीवरून’, ‘कौटुंबिक कारण’ किंवा ‘परस्पर संमतीने’ असं लिहिलं, तर तुम्ही आपणहून नोकरी सोडली असा अर्थ निघतो. तिकिटाचे पैसे पगारातून कापतात आणि आजारपणाचा पगार बंद. बऱ्याचदा हे दुष्टपणाने होतही नाही. कॅप्टनला रिलीव्हर (बदली माणूस) लवकर हवा असतो, एजंट म्हणतो ‘असं लिहिलं की पटकन होईल’, आणि दुखण्याने बेजार झालेला माणूस सही करून मोकळा होतो. सहीच्या आधी ती एक ओळ वाचा.

बोट सोडताना सोबत हवं ते असं: वैद्यकीय नोंदवहीच्या पानांच्या प्रती, बंदरातल्या डॉक्टरचा अहवाल, साइन ऑफचा कागद, पगाराचा शेवटचा हिशेब, सीडीसी आणि पासपोर्ट. परदेशी इस्पितळात दाखल व्हावं लागलं तर बिलाची हमी एजंट किंवा पी अँड आय क्लबचा तिथला प्रतिनिधी देतो. स्वतःचं कार्ड पुढे करू नका. नाइलाज झालाच तर तुमच्या नावाची मूळ पावती घ्या.

घरी पोचल्यावर

पहिल्या दिवशी एजंटला आणि कंपनीला ईमेल: आजच्या तारखेला पोचलो, वैद्यकीय कारणावरून साइन ऑफ, निदान अमुक, पुढच्या उपचारांसाठी कुठे जायचं ते कळवा. पुष्कळ करारांत तीन दिवसांत हजर राहून कळवण्याची अट असते. ती चुकली तर दावा अडतो. चालता येत नसेल तर ईमेलमध्ये तेच लिहा आणि इस्पितळाचा कागद जोडा. फोनवर बोललेलं मोजू नका. बोलणं झालं की ‘आत्ता आपलं ठरलं ते असं’ म्हणून दोन ओळी पाठवा.

कंपनीच्या डॉक्टरकडे जाणं टाळू नका, पण स्वतःच्या डॉक्टरचं मतही घ्या. दोघांत फरक पडला तर दोन्ही बाजूंनी मिळून तिसरा डॉक्टर नेमायचा आणि त्याचं मत अंतिम, अशी सोय आयटीएफच्या करारांत असते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून दर आठवड्याला मुंबईला यावं लागत असेल तर प्रवासखर्च आणि राहण्याचं आधीच लेखी विचारा. जवळचं इस्पितळ चालेल का हेही विचारा. कंपनीला न सांगता मोठी शस्त्रक्रिया करून बिल पाठवलं तर मंजुरीत कटकट होते. तातडी असेल तर गोष्ट वेगळी.

बिलांचं म्हणाल तर मूळ प्रती तुमच्याकडेच ठेवा. केमिस्टच्या बिलावर रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव असू द्या. प्रत्येक तपासणीच्या बिलाला तिची चिठ्ठी जोडा. घरच्या मेडिक्लेममध्ये मूळ बिलं घालून टाकली की कंपनीला द्यायला काही उरत नाही, तेव्हा आधी कंपनीकडे.

पश्चिम आफ्रिकेच्या बंदरांतून आलेल्यांसाठी एक वेगळी सूचना. घातक प्रकारच्या मलेरियाची लक्षणं डास चावल्यानंतर साधारण एक-दोन आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतात. बोटीवर ठणठणीत असलेला माणूस घरी येऊन तापाने फणफणतो, आणि गावातल्या दवाखान्यात व्हायरल म्हणून दोन दिवस जातात. तेवढ्यात जीवावर बेतू शकतं. डॉक्टरला पहिलंच वाक्य सांगा: ‘अमुक तारखेला नायजेरियात होतो, मलेरियाची रक्ततपासणी आजच करा.’ त्याच दिवशी कंपनीलाही कळवा. लक्षणं साइन ऑफनंतर दिसली तरी आजार बोटीवरच्या नोकरीतून जडला आहे.

आजारपणाच्या पगाराचा हिशेब

बोटीवर किंवा घरवापसीपर्यंत: पूर्ण पगार. घरी पोचल्यावर: कराराप्रमाणे पूर्ण किंवा अंशतः, बरे होईपर्यंत, किंवा मुदत संपेपर्यंत.

समजा बेसिक ७०० डॉलर आणि सगळं धरून १,४०० डॉलर. ११२ दिवसांचा पगार बेसिकवर सुमारे २,६१३ डॉलर होतो, एकूण पगारावर सुमारे ५,२२७. करारात १३० दिवस असतील तर बेसिकवर सुमारे ३,०३३. एजंट ‘सिक वेजेस मिळतील’ एवढंच म्हणतो, म्हणून हा हिशेब सहीच्या आधी करायचा.

दर महिन्याला अनफिट असल्याचं ताजं प्रमाणपत्र पाठवत राहा. एका महिन्याचं प्रमाणपत्र राहिलं की कंपनी त्या महिन्यापासून तुम्हाला बरे झालेलं धरते.

कायमचं अपंगत्व, आणि ‘रिलीज’वरची सही

इथे इजा किंवा आजार कामाशी निगडित असल्याचं दाखवावं लागतं, म्हणून अपघाताचा अहवाल, साक्षीदारांची नावं, जागेचे फोटो लागतात. करारात ठरलेली रक्कम पूर्ण आणि विनाविलंब द्यायची असते. कमी रकमेवर मानण्यासाठी दबाव आणायचा नसतो. अपंगत्व नेमकं किती हे ठरायला वेळ लागणार असेल तर तोवर हप्त्याने अंतरिम रक्कम द्यायची असते, म्हणजे हाल होणार नाहीत. हा दावा तुम्ही किंवा तुमचे वारस थेट प्रमाणपत्रावरच्या हमीदाराकडे करू शकता. पहिल्या दिवशी काढलेला फोटो इथे लागतो.

चेकसोबत एक कागद येतो, रिसीट अँड रिलीज. एमएलसीने त्याचा नमुना दिला आहे आणि त्यात साफ म्हटलं आहे की ही रक्कम करारातली आहे आणि कायद्याने मिळणारे तुमचे इतर हक्क अबाधित आहेत. कंपनीच्या कागदात त्याऐवजी ‘यापुढे कोणताही दावा करणार नाही’ असं असेल तर युनियन किंवा वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.

कंपनी दाद देत नसेल तर

बोटीवर असाल तर आधी तिथली तक्रार पद्धत. त्याची प्रत जॉइन होतानाच मिळायला हवी. विभागप्रमुख, मग कॅप्टन. थेट कॅप्टनकडेही जाता येतं. तक्रार केली म्हणून त्रास देणं मना आहे. तेवढ्याने भागलं नाही तर बंदरातले पोर्ट स्टेट कंट्रोलचे, म्हणजे परदेशी बोटी तपासणारे, अधिकारी. ते बोट अडवूनही ठेवू शकतात, आणि बोट अडणार म्हटलं की डॉक्टर तासाभरात मिळतो. आयटीएफचे इन्स्पेक्टरही मदत करतात.

भारतात आल्यावर: आरपीएसएल एजंटकडे लेखी तक्रार आणि उत्तरासाठी तारीख, मग डीजी शिपिंगकडे एजंटच्या परवाना क्रमांकासह. मुंबईत शिपिंग मास्टरचं कार्यालय आहे. युनियनमध्ये खलाशांसाठी नुसी (नॅशनल युनियन ऑफ सीफेअरर्स ऑफ इंडिया) आणि फॉरवर्ड सीमेन्स युनियन, अधिकाऱ्यांसाठी मेरीटाइम युनियन ऑफ इंडिया. सदस्यत्व चालू ठेवा. बहुतेकांना त्याची आठवण अडचणीत सापडल्यावरच येते. तक्रारीला सगळी कहाणी जोडू नका. एका पानावर तारखा, काय मागणी, किती रक्कम, आणि मागे क्रमांक घातलेले कागद.

शेवटचा मार्ग कोर्टाचा. २०१७ च्या अ‍ॅडमिरल्टी कायद्याखाली मुंबई उच्च न्यायालय आपल्या समुद्रात आलेली बोट अडकवून ठेवू शकतं. मालक पनामात असो नाहीतर ग्रीसमध्ये, बोट मात्र समोर असते. पगार आणि घरवापसीच्या रकमेसाठी बोटीवरचा हक्क रक्कम देय झाल्यापासून २ वर्षं टिकतो, इजेच्या दाव्यासाठी १ वर्ष. एजंटच्या ‘बघतो, करतो’मध्ये ही मुदत निघून जाते, म्हणून सहा महिन्यांत तोडगा नाही निघाला तर वकिलाला भेटा.

घरच्यांसाठी

कराराची प्रत, बोटीचं नाव आणि आयएमओ नंबर, एजंटचा आरपीएसएल क्रमांक, त्या दोन प्रमाणपत्रांचे फोटो, सीडीसी आणि इंडोस नंबर (भारतीय सीफेररचा ओळख क्रमांक), नॉमिनीचा कागद. हे सगळं फोनमध्ये एका फोल्डरमध्ये आणि एक छापील संच घरी कपाटात ठेवा. बोटीवरून माणूस इस्पितळात हलवला गेला की पुष्कळदा दोन दिवस त्याचा फोन लागत नाही. तेव्हा एजंटकडे धावपळ करणाऱ्या बायकोच्या किंवा भावाच्या हातात हा संच असला, तर ‘कोणती बोट, कोणती कंपनी’ इथून सुरुवात करावी लागत नाही. पहिल्या फोनलाच तीन प्रश्न विचारता येतात: कोणत्या इस्पितळात आहे, बिलाची हमी कोणी दिली आहे, आणि डॉक्टरचा अहवाल ईमेलवर कधी पाठवता?